पाठांतर ते संगमरवर: पाली त्रिपिटक कसं टिकलं

इ.स.पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपावर दोन संकटं एकापाठोपाठ कोसळली. दक्षिण भारतातून आलेल्या सरदारांनी राजा वट्टगामणी अभय याला अनुराधपुरातून पळवून लावलं, आणि त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. परंपरेनुसार तो बारा वर्षं हटला नाही. गावंच उपाशी, तिथे भिक्षा कोण घालणार? विहार ओस पडले. अट्ठकथा, म्हणजे पाली ग्रंथांवरची जुनी भाष्यं, सांगतात, सातशे भिक्खू समुद्र ओलांडून भारतात गेले. साठ जण मात्र किनाऱ्यापर्यंत जाऊन माघारी फिरले आणि दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात कंदमुळं व झाडपाला खाऊन राहिले.

या साठ जणांनी एकच काम नेमानं चालू ठेवलं. अंगात त्राण असेल तेव्हा बसून पठण करायचं. बसवत नसेल तेव्हा वाळूचा उंचवटा करायचा, त्यावर सगळ्यांनी डोकी टेकायची आणि पडल्यापडल्या पाठ फिरवायचा. बुद्धवचन तेव्हा ग्रंथरूपात लिहिलेलं नव्हतं. ते माणसांच्या आठवणीत होतं, आणि माणसं मरत होती.

त्यांच्या डोक्यात काय साठवलेलं होतं याचा अंदाज आजच्या छापील खंडांवरून येतो. ब्रह्मदेशच्या आवृत्तीत मूळ त्रिपिटकाचे ४० खंड होतात. संघाच्या शिस्तीचं विनयपिटक, बुद्धाच्या उपदेशांचं सुत्तपिटक आणि तात्त्विक विश्लेषणाचं अभिधम्मपिटक असे त्याचे तीन भाग. एकट्या सुत्तपिटकात पाच निकाय येतात. दीघनिकायात ३४ लांब सुत्तं, मज्झिमनिकायात १५२ मध्यम लांबीची, आणि संयुत्त व अंगुत्तर या निकायांत छोटी सुत्तं हजारांच्या घरात. खुद्दकनिकायात धम्मपद, सुत्तनिपात, थेरीगाथा, जातकं असे स्वतंत्र ग्रंथ आहेत.

दुष्काळ सरला, राज्य स्थिरावलं. भारतात गेलेले सातशे भिक्खू परतले आणि कल्लगामच्या मंडलाराम विहारात या साठ जणांना भेटले. भेटीतलं पहिलं काम होतं पाठ ताडून पाहण्याचं. दोन्ही गटांनी एकमेकांसमोर पठण केलं आणि एका अक्षराचाही फरक निघाला नाही, असं अट्ठकथा अभिमानानं नोंदवते.

मग तिथेच एक वाद उभा राहिला. शासनाचं, म्हणजे बुद्धाच्या मार्गाचं, मूळ कशात आहे? परियत्तीत की पटिपत्तीत? ग्रंथांच्या अध्ययनात की प्रत्यक्ष आचरणात? चिंध्यांची चीवरं नेसणारे पांसुकूलिक म्हणाले, आचरणात. धम्मकथिकांचं म्हणणं होतं, अध्ययनात. दोन्ही बाजूंनी सुत्तांचे दाखले दिले गेले आणि अखेर धम्मकथिकांची बाजू सरस ठरली. त्यांचा युक्तिवाद असा: पुरलेल्या धनाची जागा दगडावर कोरून ठेवलेली असेल, तर जोवर अक्षरं शाबूत आहेत तोवर ते धन गेलं असं म्हणता येत नाही. विपश्यना करणारे लाख भिक्खू असले, पण परियत्ती नष्ट झाली, तर मार्गाची प्राप्ती होणार नाही. आचरणाला सर्वस्व मानणाऱ्या परंपरेनं ग्रंथाच्या बाजूनं दिलेला हा कौल पुढच्या दोन हजार वर्षांना पुरला.

त्याची पाळंमुळं मात्र राजगृहात आहेत. कुशिनाराला महापरिनिर्वाण होण्यापूर्वी बुद्धानं आपला वारस नेमला नाही. मी शिकवलेला धम्म आणि घालून दिलेला विनय हाच माझ्यामागे तुमचा शास्ता, असं त्यानं आनंदाला सांगितलं. त्याच महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेशही आहेत. एखादा भिक्खू म्हणाला की हे मी खुद्द भगवंतांकडून ऐकलं, संघाकडून ऐकलं, बहुश्रुत थेरांकडून ऐकलं किंवा एखाद्या ज्येष्ठाकडून ऐकलं, तर त्याचं म्हणणं लगेच उचलून धरू नये आणि झिडकारूही नये. शब्द नीट समजून घ्यावेत, सुत्त आणि विनयाशी पडताळून पाहावेत. जुळले तर घ्यावेत, नाहीतर सोडावेत. सांगणारा किती मोठा, यानं निर्णय होत नाही. गुरूच्या गादीऐवजी वचनाला प्रमाण मानलं, आणि त्या वचनालाही पडताळणीची अट घातली.

महापरिनिर्वाणाला आठवडा उलटला तोच पहिली परीक्षा आली. सुभद्द नावाच्या, म्हातारपणी प्रव्रजित झालेल्या एका भिक्खूनं शोक करणाऱ्यांना सांगितलं की बरं झालं, आता हे करा ते करू नका असं सांगणारं कुणी उरलं नाही. ज्येष्ठ शिष्य महाकस्सपानं हे ऐकलं आणि संगीती, म्हणजे बुद्धवचनाच्या सामूहिक पठणाची सभा, बोलावण्याचा निश्चय केला. राजगृहाजवळ सप्तपर्णी गुहेपाशी पाचशे भिक्खू पावसाळ्यात जमले. महाकस्सपानं एकेक नियम विचारायचा: कुठे घालून दिला, कुणामुळे, काय घडलं म्हणून? पूर्वाश्रमी न्हावी असलेल्या उपालीनं उत्तर द्यायचं. मग उपदेशांची पाळी आली. पंचवीस वर्षं बुद्धासोबत सावलीसारखा राहिलेला आनंद एकेका सुत्ताचं स्थळ, प्रसंग आणि श्रोते सांगत गेला. पटलं की सगळ्यांनी एका सुरात पठण करायचं. त्रिपिटकातल्या सुत्तांच्या आरंभी ऐकणाऱ्याची साक्ष आणि पाठोपाठ ठिकाणाचं नाव येतं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. ते शब्द देववाणी म्हणून सांगितलेले नाहीत. एका माणसानं दुसऱ्याचं ऐकून दिलेली ती साक्ष आहे.

विनयपिटकानं याच प्रसंगातली एक अडचणीची गोष्टही लपवलेली नाही. दक्खिणागिरीकडून पुराण नावाचा थेर पाचशे भिक्खूंसह आला. संगीती आटोपली होती. थेरांनी त्याला तिचा पाठ मान्य करायची विनंती केली. तो म्हणाला, आपण धम्माचं संगायन उत्तम केलंत, पण मी मात्र भगवंतांच्या तोंडून जसं ऐकलं तसंच लक्षात ठेवीन. त्याला कुणी बहिष्कृत केलं नाही. उलट त्याचं म्हणणं ग्रंथातच नोंदवून ठेवलं गेलं.

पुढची तीन-चार शतकं हे सगळं वाङ्मय तोंडी चाललं. त्यासाठी रचनाच तशी केलेली होती. अंगुत्तरनिकायात विषयांची मांडणी आकड्यांनुसार आहे: एकेक गोष्टींची सुत्तं, मग दोन-दोनांची, अशी अकरापर्यंत. तीच वाक्यं पुन्हापुन्हा येतात, तेच शब्द ठरलेल्या क्रमानं येतात, लहान शब्द आधी आणि मोठे नंतर. प्रत्येक वर्गाच्या शेवटी उद्दान नावाचा श्लोक असतो. त्यात त्या वर्गातल्या सुत्तांची नावं ओवलेली असतात, म्हणजे एखादं सुत्त गळलं तर लगेच कळावं. छापील पानावर कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्ती शंभर जणांनी एका सुरात म्हणताना उपयोगी पडते. एक चुकला की उरलेले त्याला सावरतात.

हे काम करणाऱ्यांना भाणक म्हणत. कुणी दीघभाणक, कुणी मज्झिमभाणक. प्रत्येक गटाकडे एकेका निकायाची जबाबदारी. ते कल्पनेतले नव्हते, त्यांची नावं दगडावर आहेत. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांमध्ये भाणक आहेत, पिटक जाणणारा पेटकी आहे आणि पाचही निकाय जाणणारा पंचनेकायिकही आहे. महाराष्ट्रातलं उदाहरण कार्ल्याचं. तिथल्या चैत्यगृहातल्या एका खांबाचं दान सोपाऱ्याच्या सातिमितानं दिलं आणि लेखात त्याची ओळख धम्मुत्तरीय पंथाचा भाणक अशीच दिली आहे. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक आज त्या खांबांवरून नजर फिरवतात. त्यांतला एक खांब पाठांतर हेच आयुष्याचं काम असलेल्या माणसाचा आहे.

अशोकाच्या काळात या वाङ्मयाचा पहिला कोरीव पुरावा मिळतो. राजस्थानात बैराटजवळ सापडलेला आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला शिलालेख त्यानं संघाला उद्देशून लिहिला आहे. त्यात तो सात धम्मपर्यायांची नावं घेतो आणि भिक्खू-भिक्खुणींनी, उपासक-उपासिकांनी ती वारंवार ऐकावीत, त्यांवर मनन करावं, अशी इच्छा व्यक्त करतो. यादीत मुनिगाथा आहे, उपतिष्याचा प्रश्न आहे, आणि राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेशही आहे. आपल्या मुलाला खोटं बोलू नकोस हे समजावणारा बुद्ध सम्राटाला भिक्खूंपुढे आणि उपासकांपुढेही ठेवावासा वाटला. लेखात क्रियापद आहे ते ऐकण्याचं, वाचण्याचं नाही. अशोकाचा मुलगा महिंद हेच वाङ्मय घेऊन लंकेला गेला; त्याच्या सोबत पोथ्या नव्हत्या, पाठ असलेले भिक्खू होते.

दुष्काळानं या पद्धतीतला धोका उघडा पाडला. महानिद्देस हा ग्रंथ तर एका वेळी एकाच भिक्खूला येत होता, आणि तो दुराचारी म्हणून बदनाम होता. महारक्खित थेर त्याच्याकडे शिकायला तयार होईना. ज्येष्ठ थेरानं त्याला समजावलं, मी तुझ्याजवळ बसतो, पण शीक. तो रात्रंदिवस शिकला, आणि ग्रंथ वाचला. माणूस अपात्र असला तरी त्याच्या तोंडी असलेलं वचन जाऊ द्यायचं नाही, हा त्या पिढीचा निर्धार होता. एका माणसाच्या श्वासावर पिटकाचा एक भाग अवलंबून राहतो, हे मात्र सगळ्यांना दिसून चुकलं.

म्हणून मातले गावाजवळच्या डोंगरात, आज अलुविहार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत, भिक्खू जमले आणि त्यांनी त्रिपिटक अट्ठकथांसह लिहून काढलं. दीपवंस आणि महावंस या दोन्ही बखरी हा प्रसंग जेमतेम दोन गाथांत उरकतात. लोकांची हानी पाहून, धम्म चिरकाळ टिकावा म्हणून लिहिलं, एवढंच कारण त्या देतात. राजानं अभयगिरी विहाराला झुकतं माप दिलं होतं. त्यामुळे जुन्या महाविहाराच्या भिक्खूंना राजाश्रयाची खात्री उरली नव्हती, हेही त्यामागे असावं.

लिहिण्याची ती रीत श्रीलंकेत आजही पाहायला मिळते. ताडाच्या जातीतल्या एका उंच झाडाची कोवळी पानं उतरवायची, शिरा काढून पट्ट्या करायच्या, त्या उकळायच्या, वाळवायच्या आणि लाकडी दांड्यावर घासून गुळगुळीत करायच्या. लेखणी लोखंडी टोकाची. ती पानावर शाई उमटवत नाही, अक्षर कोरते. कोरलेलं पान आधी कोरंच दिसतं. मग त्यावर तेलात कालवलेली काजळी चोळायची आणि भाताच्या कोंड्यानं पुसून घ्यायचं, की रेघांत काळं राहतं आणि अक्षरं उठून येतात. आडवी सरळ रेघ पानाच्या धाग्यांबरोबर गेली तर पान फाटतं. सिंहली आणि ब्रह्मी लिप्या गोलाकार होण्यामागे हे एक कारण मानलं जातं. पानांना दोन भोकं, त्यांतून दोरी, वर-खाली लाकडी फळ्या. झाली पोथी.

पाचव्या शतकात बुद्धघोष अनुराधपुराला आला तो या पोथ्यांसाठीच. सिंहली भाषेतल्या अट्ठकथा त्यानं पालीत आणल्या आणि विसुद्धिमग्ग हा शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा महाग्रंथ लिहिला. त्यानंतर लंका, ब्रह्मदेश, सयाम हे सगळे एकाच पाली पिटकाचे वाचक झाले. एका देशात परंपरा क्षीण झाली की दुसऱ्या देशाकडून भिक्खू आणि पोथ्या आणायच्या, असा व्यवहार पुढे शतकानुशतकं चालला.

पण ताडपत्र अमर नसतं. दमट हवा, वाळवी, बुरशी यांत पोथी काही पिढ्या टिकते. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक पाली पोथ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या आहेत. सर्वांत जुनी मानली जातात ती विनयाची चारच पानं, आठव्या-नवव्या शतकातली, काठमांडूच्या थंड हवेत उरलेली. म्हणजे मधल्या हजारभर वर्षांत कुणीतरी सतत नकलून ठेवत होतं म्हणूनच मजकूर आहे. ते काम अंगावर घेणाऱ्यांसाठी एक श्रद्धाही तयार झाली: धम्माचं एकेक अक्षर म्हणजे एकेक बुद्धमूर्ती. मूर्ती घडवण्याचं पुण्य नकलाकाराच्या पदरात पडलं.

भारतात मात्र नकलणारे हात थांबले. इथे बौद्ध वाङ्मय थोडंथोडकं नव्हतं. सातव्या शतकात ह्युएन त्संग नालंदेत शिकला, महाराष्ट्रही फिरून गेला आणि ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. तिबेटी पंडितांनी विहारांमधून संस्कृत ग्रंथ नेले आणि भाषांतरित केले. कान्हेरीला बुद्धाच्या कार्यकारणभावाच्या शिकवणीची गाथा ठसवलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. शरीरधातूंप्रमाणे वचनही स्तूपाजवळ ठेवायचं, इतका त्याचा मान होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस मगधातले विहार उद्ध्वस्त झाले, आश्रयदाते संपले, भिक्खू नेपाळ-तिबेटकडे गेले. विहार गेले आणि त्यांच्याबरोबर ग्रंथाची नक्कल करणारी, त्याचं पठण करणारी आणि तो शिकवणारी संस्थाच गेली. लेणी डोंगरात राहिली, पण भिंतीवर काय लिहिलंय हे सांगणारा मराठी मुलखात कुणी उरला नाही.

एकोणिसाव्या शतकात असंच भय ब्रह्मदेशच्या राजाला वाटलं. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश गिळला होता. मिंदोन राजानं १८५७ मध्ये मंडाले वसवलं आणि राज्य गेलं तरी धम्म जाऊ नये यासाठी एक विलक्षण योजना आखली: सगळं त्रिपिटक संगमरवरावर कोरायचं.

१८६० मध्ये काम सुरू झालं आणि १८६८ मध्ये संपलं. उत्तरेकडच्या सागिन टेकडीतून संगमरवर आणला. दीड मीटरच्या आसपास उंचीची एकेक शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेली, दर बाजूला ८० ते १०० ओळी, अक्षरांत सोन्याचा मुलामा. विनयासाठी १११ शिळा, सुत्तांसाठी ४१० आणि अभिधम्मासाठी २०८, एकूण ७२९. कुथोडॉ स्तूपाभोवती प्रत्येक शिळेला स्वतःची पांढरी घुमटी बांधली. हे सगळं कसं झालं याची हकीकत सांगणारी आणखी एक शिळा उभारली. नंतर १८७१ मध्ये पाचवी संगीती भरवली. २,४०० भिक्खूंनी पाच महिने पठण केलं. दगडावर कोरलेलं असूनही ते तोंडी म्हणून तपासायचं, ही राजगृहाची रीत इथेही पाळली गेली.

मिंदोनची भीती खरी ठरली. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. त्याचा मुलगा थिबा याला सहकुटुंब रत्नागिरीला आणलं गेलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला, आणि रत्नागिरीकर त्याच्या वाड्याला आजही थिबा राजवाडा म्हणतात. इकडे कुथोडॉच्या आवारात सैन्याचा तळ पडला. अक्षरांतलं सोनं खरवडलं गेलं, घुमट्यांवरच्या घंटा आणि रत्नं गेली. पुढे ब्रह्मी लोकांनीच वर्गणी काढून दुरुस्ती केली आणि सोन्याच्या जागी काळी शाई भरली. राजवंश संपला, पण मजकूर शाबूत राहिला. १९०० मध्ये रंगूनच्या हंथावडी छापखान्यातून ३८ खंडांची छापील आवृत्ती निघाली ती याच शिळांवरून.

छपाईचं युग एव्हाना सुरू झालं होतं. १८५५ मध्ये कोपनहेगनला फाउस्बोल यांनी धम्मपद छापलं. लंकेत मुलकी अधिकारी म्हणून आलेले र्‍हीस डेव्हिड्स तिथल्या भिक्खूकडून पाली शिकले आणि १८८१ मध्ये त्यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली. १८९३ मध्ये सयामचा राजा चुलालोंकोर्न यानं ३९ खंडांचं त्रिपिटक छापून जगभरच्या ग्रंथालयांना भेट पाठवलं. रोमन, सयामी, ब्रह्मी, सिंहली अशा लिप्यांत बुद्धवचन मिळू लागलं. देवनागरी वाचणाऱ्याला मात्र ते अजून बंदच होतं.

ते उघडण्यासाठी गोव्यातल्या साखवाळ गावचा एक तरुण घराबाहेर पडला. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. शाळा जेमतेम झालेली; मराठी मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून त्यांना ध्यास लागला. १८९९ मध्ये घर सोडून ते पुण्याला आले. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म पाहायला पायपीट करत नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेला कुणीतरी लंकेचा रस्ता दाखवला. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महाथेरांकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा पहिला धडा गिरवला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खुदीक्षा, घेतली. ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मी लिप्यांत, म्हणून त्या लिप्याही शिकले. मगधात जन्मलेलं वाङ्मय वाचण्यासाठी एका गोमंतकीयाला समुद्र ओलांडावा लागला, आणि ते तिथे मिळालं. वाळूवर डोकी टेकून पाठ फिरवणाऱ्या त्या साठ जणांचं हे ऋण आहे.

कोलकात्याची विद्यापीठातली नोकरी सोडून कोसंबी महाराष्ट्रात परतले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले होते. महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षातून एखादं पुस्तक लिहावं, एवढीच अट. पगार कितीतरी कमी होता, पण आपल्या भाषेच्या लोकांत काम करता येणार होतं. हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन यांचं विसुद्धिमग्गाचं संपादन त्यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं होतं. ते पुरं करायला कोसंबींना बोलावणं आलं. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्याचं ते किचकट काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पालीची परंपरा रुजवली आणि पु. वि. बापट यांच्यासारखे संशोधक त्यातून घडले. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचं मराठी चरित्र तर सुत्तांचे थर तपासत, अद्भुत कथा बाजूला काढत लिहिलेलं आहे. महापदेशांची कसोटी मराठीत लावून दाखवणारं ते पुस्तक आहे.

दुसरा धागा मुंबईतून निघतो. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. त्या वाचनाचं फळ अर्धशतकानं दिसलं. बाबासाहेब पाली शिकले, पालीचं व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी काम केलं. डिसेंबर १९५४ मध्ये ते बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तिथे सहावी संगीती चालू होती. राजगृहाच्या गुहेच्या आठवणीनं बांधलेल्या प्रचंड सभागृहात महासी सयाडॉ प्रश्न विचारत आणि मिंगुन सयाडॉ उत्तरं देत. सगळं त्रिपिटक मुखोद्गत असलेल्या या मिंगुन सयाडॉंच्या १६,००० पानांच्या पाठांतराची नोंद पुढे गिनीज बुकानं घेतली.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. लहान क्रमांकित परिच्छेद, ठसठशीत विधानं; सामुदायिक वाचनाला सोयीची अशी त्याची घडण आहे. पण प्रस्तावनेतच बाबासाहेब प्रश्न विचारतात. सिद्धार्थानं वृद्ध, रोगी, मृत पहिल्यांदाच पाहिले म्हणून गृहत्याग केला, हे बुद्धीला पटतं का? चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का? आत्मा नाकारला, तर त्याच्याशी कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा? भिक्खू संघाचा हेतू काय? काही परंपरानिष्ठ बौद्धांना हे रुचलं नाही. पण पुराण थेराचं म्हणणं जपून ठेवणाऱ्या परंपरेला हा प्रश्न परका नाही. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांच्या घरांत हा ग्रंथ पोहोचला. आज आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात महाराष्ट्रातल्या शेकडो विहारांत त्याचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधे थांबून चर्चा होते. भाणकांचं काम गावोगावच्या उपासकांनी आणि विशेषतः उपासिकांनी हाती घेतलं आहे.

देवनागरीचं दारही आता सताड उघडं आहे. २,५०० व्या बुद्धजयंतीच्या निमित्तानं भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून ४१ खंडांचं पाली त्रिपिटक देवनागरीत निघालं. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेनं इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं सहाव्या संगीतीचा पाठ अट्ठकथा-टीकांसह १४० देवनागरी खंडांत छापला, आणि तो संगणकावरही विनामूल्य मिळतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठी आणि पाली यांना अभिजात भाषेचा दर्जा एकाच निर्णयानं दिला.

एवढं सगळं हाताशी असताना ग्रंथ कपाटात फुलं वाहून ठेवला, तर नुकसान आपलंच आहे. मराठी वाचकाला पालीसाठी आता लंकेला जायला नको, नवी लिपीही शिकायला नको. विहारांच्या ग्रंथवाचनात बाबासाहेबांच्या ग्रंथासोबत मूळ सुत्तांचंही वाचन व्हावं. शाळा-महाविद्यालयांतले पालीचे वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद पडू देऊ नयेत. आणि ज्यांना कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांनी कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घेऊन बसावं, शेजारी सुत्तनिपात ठेवावा, आणि कोसंबींनी दिलेला एकेक दाखला मुळातून स्वतः ताडून पाहावा.